जगदीशबाबूंचा कान

किवळ्याला एक्स्प्रेस-वे लागला की आपल्यातल्या भल्याभल्यांचा उजवा पाय जड होतो. पाटीवर १०० लिहिलेलं असतं आणि काटा १२०च्या पुढे गेलेला असतो. मग गप्पा सुरू होतात त्या पोलिसांची गाडी कुठे उभी असेल याच्या. त्यात एकजण तरी हमखास सांगतो, की परदेशात गाडीच्या काचेला लावायचं एक यंत्र मिळतं. पुढे पोलिसांची स्पीड गन असली की ते आधीच बोंब मारतं. त्याचं नाव रडार डिटेक्टर. मी पडलो ई अँड टीसीचा, त्यामुळे पुढचे दोन प्रश्न माझ्याकडेच येतात. ते चालतं कसं? आणि आपण ते बनवू शकतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी एका चरित्रात शिरलो. ज्यांचं हे चरित्र, ते १९३७ साली गेले. रडार हा शब्दच मुळी १९४० साली अमेरिकन नौदलाने रूढ केला. तरीही त्या डिटेक्टरचं झाकण उघडलं तर आत ज्या मुख्य गोष्टी सापडतात, त्या या माणसाने कोलकात्यात बसून, १९०१ सालापर्यंत करून दाखवल्या होत्या. त्यांचं नाव जगदीशचंद्र बोस. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना वनस्पतींच्या संवेदना मोजणारे शास्त्रज्ञ म्हणून भेटलो आणि पाच मार्कांची टीप लिहून मोकळे झालो. मला आज त्यांच्याविषयी लिहायचंय ते आपल्या ब्रँचचे माणूस म्हणून.

आधी यंत्र समजून घेऊ, म्हणजे माणूस नीट समजेल. पोलिसांची रडार गन एका ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर सोडते. अमेरिकेत यासाठी तीन पट्टे वापरात आले. एक्स बँड म्हणजे १०.५२५ गिगाहर्ट्झ, के बँड म्हणजे २४.१५ गिगाहर्ट्झ आणि के-ए बँड म्हणजे ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ. ही लहर गाडीवर आपटून परत येते. गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी किंचित वाढलेली असते. हा तोच डॉप्लर परिणाम, जो आपण रेल्वे इंजिनाच्या शिट्टीच्या उदाहरणाने पाठ केलाय. के बँडवर गणित करून बघा. ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीमुळे फरक पडतो तो सुमारे ४,४७० हर्ट्झचा. दोन हजार चारशे कोटी हर्ट्झमध्ये साडेचार हजारांचा फरक! पण गन आपली मूळ लहर आणि परतलेली लहर एकत्र मिसळते, आणि मग हा फरक थेट कानाला ऐकू येईल अशा सुराच्या रूपात हाती लागतो. तो मोजला की वेग मिळाला.

डिटेक्टर यातलं काहीच करत नाही. तो वेग मोजत नाही, लहर सोडायचं काम त्याच्याकडे नाही. तो फक्त ऐकतो. आणि गंमत बघा, नुसतं ऐकणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे. हॉस्टेलमध्ये रात्री लाइट गेल्यावर रेक्टर सर टॉर्च घेऊन राउंडला निघतात. कॉरिडॉरच्या त्या टोकाला टॉर्च चमकली की आपल्याला लगेच दिसते. सरांना मात्र आपण दिसायला त्यांना बरंच जवळ यावं लागतं, कारण त्यांच्या उजेडाला आपल्यापर्यंत येऊन परत त्यांच्या डोळ्यापर्यंत जायचं असतं. रडारचंही तसंच. अंतर दुप्पट झालं तर डिटेक्टरला मिळणारी ताकद एक-चतुर्थांश होते, पण गनकडे परतणारा प्रतिध्वनी एक-सोळांश होतो. एकेरी प्रवास आणि दुहेरी प्रवास यांतला हा फरक. म्हणून गनला गाडी कळण्याच्या आधी गाडीला गन कळते. अट एकच, कान तिखट पाहिजे.

हा तिखट कान बनवणं हेच जगदीशचंद्रांच्या आयुष्याचं काम होतं, असं मला त्यांचं चरित्र वाचताना सारखं वाटत गेलं.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८चा, आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र इंग्रज सरकारच्या नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या हुद्द्याच्या माणसाचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणार हे ठरलेलंच. वडिलांनी मात्र मुलाला गावच्या बंगाली शाळेत घातलं. आधी आपली भाषा आणि आपली माणसं कळली पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. वर्गात शेजारी कोळ्याचा मुलगा, वडिलांच्या चपराशाचा मुलगा. त्यांच्याकडून पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी ऐकत हा मुलगा वाढला. आपल्यातले जे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून इथवर आलेत आणि पहिल्या वर्षी इंग्रजी लेक्चरला गांगरलेत, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुढे कोलकात्याला सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों नावाचे जेझुइट शिक्षक भेटले. प्रयोग करून दाखवत शिकवणारे म्हणून त्यांची ख्याती होती. जगदीशचंद्रांना फिजिक्सची गोडी लागली ती तिथे. १८८० साली ते इंग्लंडला गेले ते डॉक्टर व्हायला. पण जुन्या तापाने पिच्छा सोडला नाही, डिसेक्शनच्या खोलीतल्या वासाने तब्येत आणखी बिघडू लागली आणि वैद्यक सोडावं लागलं. मग केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले त्यांचे शिक्षक. म्हणजे ब्रँच बदलून आलेला हा विद्यार्थी होता म्हणा ना!

१८८५ साली परत आल्यावर कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना फिजिक्सची प्राध्यापकी मिळाली. पण नियम असा, की भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार. त्यातून नेमणूक तात्पुरती, म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या गोऱ्या प्राध्यापकाच्या एक-तृतीयांश. जगदीशचंद्रांनी यावर जो मार्ग काढला तो अजब होता. त्यांनी काम सोडलं नाही आणि पगारही घेतला नाही. तीन वर्षं रोज जाऊन मन लावून शिकवलं आणि पगाराला हात लावला नाही. घरी पैशाची चणचण होती, वडिलांवर कर्ज होतं. १८८७ साली लग्न झालं; पत्नी अबला दास मद्रासला वैद्यकाचं शिक्षण घेऊन आलेल्या. तरीही हट्ट कायम. अखेर सरकारला नमावं लागलं, नेमणूक कायम झाली आणि मागच्या तीन वर्षांचा पूर्ण पगार एकदम मिळाला. तो वडिलांचं कर्ज फेडण्यात गेला. आपल्या स्टाफरूममध्ये ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडेल याची मला खात्री आहे.

पगार मिळाला, पण प्रयोगशाळा मिळाली नाही. संशोधनासाठी कॉलेजकडे ना जागा ना निधी. ३० नोव्हेंबर १८९४ला, म्हणजे छत्तिसाव्या वाढदिवसाला, त्यांनी ठरवलं की आता संशोधन करायचंच. बाथरूमला लागून एक लहानशी खोली होती. तीच प्रयोगशाळा झाली. मदतीला एक टिनकाम करणारा कारागीर. कामाचा विषय होता विद्युतचुंबकीय लहरी.

त्या वेळी हा विषय एकदम ताजा होता. मॅक्सवेलने कागदावर सांगितलेल्या लहरी हर्ट्झने १८८७-८८मध्ये जर्मनीत प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या होत्या, आणि १८९४च्या पहिल्याच दिवशी हर्ट्झ अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला होता. या लहरी म्हणजे न दिसणारा प्रकाशच, हे सिद्ध करायचं तर त्यांचं परावर्तन, वक्रीभवन, ध्रुवीकरण सगळं दाखवायला हवं. अडचण तरंगलांबीची होती. हर्ट्झचे आरशांचे प्रयोग साधारण ६६ सेंटिमीटरच्या लहरींवर झाले. लहर लांब असली की आरसे, लेन्स, प्रिझम सगळंच मोठं लागतं. हर्ट्झचा डांबराचा प्रिझम अर्ध्या टनाहून जड होता.

जगदीशचंद्रांनी उलट विचार केला. प्रिझम मोठा करण्यापेक्षा लहरच लहान करू. त्यांनी लहानशा धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून लहरी तयार केल्या आणि तरंगलांबी खाली आणली ती २५ मिलिमीटरपासून थेट ५ मिलिमीटरपर्यंत. आजच्या भाषेत १२ ते ६० गिगाहर्ट्झ. आता वर दिलेले पोलिसांचे पट्टे पुन्हा बघा. के बँडची तरंगलांबी सुमारे १२.४ मिलिमीटर, के-ए बँडची ८ ते ९ मिलिमीटर. दोन्ही बोसांच्या टेबलावरच्या पल्ल्यात बसतात!

मग त्या खोलीत एकेक उपकरण तयार होत गेलं. लहर वाहून न्यायला धातूच्या पोकळ नळ्या, ज्यांना आपण वेव्हगाइड म्हणतो आणि ज्यांच्या मोड्सनी आपल्याला सातव्या सेमिस्टरला रडवलंय. लहर गोळा करायला पुढे पसरट होत जाणारं चौकोनी नरसाळं, म्हणजे आपला हॉर्न अँटेना. ध्रुवीकरण दाखवायला तर त्यांनी ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक घेतलं आणि त्याच्या पानापानांत टिनचा पातळ पत्रा घातला. झाला पोलरायझर! ध्रुवीकरणाची पातळी फिरवून दाखवायला पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या वापरल्या. बंगालात तागाला काय तोटा? लॅबमध्ये इक्विपमेंट नाही म्हणून प्रोजेक्ट अडलं, असं म्हणण्याआधी हे वेळापत्रक आणि हा ताग आठवावा.

१८९५ साली त्यांचा पहिला निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. त्याच सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. भिंतीपलीकडे ठेवलेली घंटा वाजली आणि दारूचा स्फोट झाला, मधे तार नव्हती. १८९६ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डीएस्सी दिली. जानेवारी १८९७मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या सुप्रसिद्ध व्याख्यानमालेत त्यांना पाचारण झालं. हर्ट्झचा अर्धा टन आणि हे टेबलावर मावणारं सगळं सामान, हा फरक तिथल्या बड्या बड्या शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत भरला नसता तरच नवल.

पण मला त्यांच्या सगळ्या वस्तूंत जी सर्वांत महत्त्वाची वाटते ती आहे त्यांचा डिटेक्टर. लहर सोडणं त्या मानाने सोपं, ठिणगी पाडली की झालं. ती आलेली कळणार कशी? तेव्हा सगळीकडे कोहिरर वापरत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहू लागते. पण मग ते चिकटूनच बसतात. नळीला टिचकी मारून त्यांना सोडवायचं, तेव्हा पुढची लहर ऐकू येणार. शिवाय कोलकात्याच्या दमट हवेत त्याचं काही खरं नसे. जगदीशचंद्रांनी आधी किसाऐवजी बारीक स्प्रिंगा वापरल्या. मग लोखंड-पारा-लोखंड असा टिचकी न लागणारा डिटेक्टर केला आणि टेलिफोनला जोडला. तो निबंध १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेला. आणि त्यानंतर आला गॅलेना.

गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, चकचकीत काळसर स्फटिक. त्यावर धातूचं बारीक टोक टेकवलं की एका दिशेला वीज सहज जाते, उलट दिशेला नाही. दुसऱ्या वर्षाला आपण डायोडचा व्होल्टेज-करंट ग्राफ काढतो ना, तशा वक्ररेषा जगदीशचंद्रांनी आपल्या डिटेक्टरांसाठी काढल्या होत्या. अशा टोकावर लहर आली की तिची एक बाजू कापली जाते, आणि सेकंदाला कोट्यवधी वेळा वरखाली होणाऱ्या लहरीतून एका दिशेचा, मोजता येण्याजोगा प्रवाह उरतो. टिचकी नको, ठोका नको. हाच स्फटिक प्रकाशालाही प्रतिसाद देतो हे त्यांनी दाखवलं, आणि त्याकडे ते एक कृत्रिम डोळा म्हणून पाहत होते.

आता मूळ मुद्दा येतो, जो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. १९०१ साली लंडनमध्ये एका तारायंत्र कंपनीच्या मालकाने पेटंट घेण्यासाठी त्यांच्यामागे लकडा लावला. नफ्यात वाटा देऊ केला. जगदीशचंद्रांनी नकार दिला. ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं अशी त्यांची धारणा होती; उपकरणाची रचना ते व्याख्यानात खुलेपणाने सांगत. त्यांच्या हितचिंतकांना मात्र हे पटत नव्हतं. विवेकानंदांच्या अमेरिकन शिष्या सारा बुल यांनी पुढाकार घेऊन अखेर त्यांना राजी केलं. ३० सप्टेंबर १९०१ला अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ला पेटंट क्रमांक ७,५५,८४० मंजूर झालं. अर्धवाहक उपकरणाचं जगातलं पहिलं पेटंट म्हणून ते ओळखलं जातं. जगदीशचंद्रांनी त्यातून पैसा केला नाही, पेटंट तसंच संपू दिलं.

याच काळात १२ डिसेंबर १९०१ला मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संदेश ऐकला. त्या वेळी त्याच्याकडे पाऱ्याचा एक डिटेक्टर होता, तो इटालियन नौदलातून आलेला. तो बोसांच्या १८९९च्या रचनेवरूनच घेतलेला होता, असं १९९८ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर मांडलं गेलं. त्यावर वाद आहेत आणि राहतील. मार्कोनीने रेडिओचा उद्योग उभारला हे काही खोटं नाही. बोसांना संदेशवहनाचा धंदा करायचाच नव्हता, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना दोन टोकं गाठली जातात. एक म्हणजे मार्कोनीने चोरलं म्हणून आरडाओरडा. दुसरं म्हणजे पेटंट न घेणं किती थोर म्हणून हात जोडणं. मला दोन्ही पटत नाही. विचार करा, आज आपण गॅलेना डिटेक्टर बोसांचा असं ठामपणे म्हणतो ते कशाच्या बळावर? त्यात सगळ्यांत स्पष्ट, आकृत्यांसकट आणि तारखेसकट असलेला लेखी पुरावा म्हणजे तेच पेटंट, जे घ्यायला ते तयार नव्हते. ट्रान्झिस्टरच्या तीन जनकांपैकी वॉल्टर ब्रॅटन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९५५ साली अर्धवाहकांच्या संशोधनाचा इतिहास लिहिला, तेव्हा रेडिओलहरी पकडायला स्फटिक वापरण्याचा अग्रमान बोसांना दिला. म्हणजे पैसा नाकारणं ही त्यांची निवड होती आणि तिला मान द्यायलाच हवा. पण नोंद करून ठेवणं वेगळं. आपण प्रोजेक्टमध्ये काही नवं केलं, तर ते विकायचं की वाटायचं हे नंतर ठरवू. कुणी, कधी, काय केलं हे आधी लिहून ठेवायला पाहिजे. जर्नल वेळेवर लिहा असं सर सांगतात त्यात एवढं तथ्य आहे!

पुढे जगदीशचंद्र आपल्या ब्रँचमधून बाहेर पडले, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. सतत वापरला की डिटेक्टर मंद पडतो आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा ताजा होतो, असं त्यांच्या लक्षात आलं. दमलेल्या स्नायूसारखंच. धातू आणि सजीव यांच्या प्रतिसादात इतकं साम्य कसं, या प्रश्नाने ते वनस्पतींकडे वळले. १९०१मध्ये रॉयल सोसायटीत शरीरशास्त्राच्या दिग्गजांनी त्यांना कडाडून विरोध केला. फिजिक्सवाल्याने आपल्या हद्दीत येऊ नये असा सूर होता. त्यांचे काही निष्कर्ष पुढेही वादग्रस्त राहिले. पण हत्यार तेच होतं, तिखट कान. रोपाची वाढ प्रचंड पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवलं. लहर असो की लाजाळूचं पान, जे कुणाला जाणवत नाही ते जाणवणारं उपकरण तयार करायचं, हा धागा काही तुटला नाही.

१९१७ साली त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर उभं केलं. बाथरूमशेजारच्या खोलीत काम केलेल्या माणसाने पुढच्या पिढीला स्वतंत्र संस्था दिली. १९२० साली रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं. २३ नोव्हेंबर १९३७ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मिलिमीटर लहरी तोवर अडगळीत गेल्या होत्या. लांबच्या संदेशांना लांब लहरी सोयीच्या, म्हणून सगळं जग तिकडे धावलं. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४० साली इंग्लंडमध्ये मॅग्नेट्रॉन तयार झाला आणि रडारसाठी पुन्हा आखूड लहरी हव्या झाल्या. तिथे व्हॅक्यूम ट्यूब डिटेक्टर म्हणून तोकड्या पडल्या, आणि रडारच्या रिसीव्हरमध्ये धातूचं टोक टेकवलेला स्फटिक परत आला. या वेळी सिलिकॉन आणि जर्मेनियमचा. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रडारने रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजणं सुरू झालं, आणि १९७०च्या दशकात ड्रायव्हर लोकांच्या काचेवर डिटेक्टर दिसू लागले. ते पहिले डिटेक्टर अगदी साधे होते. पुढे नरसाळं, मागे डायोड, त्यामागे ॲम्प्लिफायर आणि भोंगा. बोसांच्या टेबलावरचीच मांडणी!

पुढे डिटेक्टर सुधारले. आता त्यात एक छोटा ऑसिलेटर असतो. त्याची फ्रिक्वेन्सी पट्टाभर फिरवत आलेल्या लहरीशी मिसळतात आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणून ओळखतात. आपला नेहमीचा सुपरहेट रिसीव्हर. यामुळे कान फार तिखट झाला. पण ऑसिलेटरची थोडी लहर नरसाळ्यातून बाहेर गळते. व्हर्जिनियासारख्या राज्यात, जिथे डिटेक्टरवर बंदी आहे, पोलीस हीच गळती पकडणारं यंत्र वापरतात. म्हणजे डिटेक्टरचा डिटेक्टर! गॅलेनाचा साधा स्फटिक या बाबतीत उजवा. तो फक्त ऐकतो, त्याचा स्वतःचा आवाज नाही.

आता राहिला दुसरा प्रश्न, आपण बनवू शकतो का? साधा डिटेक्टर नक्कीच जमेल. हॉर्नचं डिझाइन आपल्या सिलॅबसमध्ये आहे, आणि पुण्यात तपकीर गल्लीत चिकाटीने फिरलं तर बाकीचं बरंच मिळतं. पण एक्स्प्रेस-वेवर त्याचा उपयोग शून्य. आपल्या महामार्ग पोलिसांच्या गाड्यांत प्रामुख्याने लेझर गन असतात. त्या रेडिओलहर सोडत नाहीत, इन्फ्रारेड प्रकाशाच्या स्पंदांनी अंतर पुन्हा पुन्हा मोजून वेग काढतात. त्यांचा झोत इतका बारीक, की तो तुमच्या गाडीवर पडला याचा अर्थ वेग मोजून झाला. टॉर्च आधी दिसायची सोयच नाही. आणि २०२४ साली एक्स्प्रेस-वेवर जी कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली, तीत नंबरप्लेट वाचून दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढता येतो. तिथे ऐकायला काही नाहीच. वर १०० आणि १३० यांतला फरक फक्त ३०चा वाटतो, पण गतिज ऊर्जा १.६९ पट होते. तेवढी ब्रेकने जिरवायची असते, नाही तर पुढच्या ट्रकने.

मग बोसांच्या लहरी आपल्याकडे नाहीत का? आहेत की. फक्त दुसऱ्या बाजूला. पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग बघून आपोआप ब्रेक लावणारी रडार आज गाडीतच बसवलेली असते, आणि अशी यंत्रणा असलेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० २०२१पासून आपल्या चाकणमधून बाहेर पडू लागली. अशा रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे ४ मिलिमीटरच्या आसपासची लहर. बोसांच्या ५ मिलिमीटरपासून हाताच्या अंतरावर. बऱ्याच गाड्यांतले शेजारची गाडी हेरणारे सेन्सर तर २४ गिगाहर्ट्झचे, अगदी के बँडमधले. मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजेही त्याच पट्ट्यात असतात. परदेशातले डिटेक्टरवाले म्हणूनच वैतागलेत. पोलीस नसतानाही त्यांचं यंत्र बोंब मारत सुटतं.

आणि नुसतं ऐकायचीच हौस असेल तर चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे जा. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे कान लावून बसल्यात. त्यांच्या लहरी मीटरच्या घरातल्या, बोसांच्यापेक्षा कितीतरी लांब. पण काम तेच. आपला आवाज न करता दूरवरचं क्षीण काही ऐकायचं.

२०१२ साली अमेरिकेतल्या त्याच इंजिनिअर्सच्या संस्थेने बोसांच्या १८९४ ते १८९६ या काळातल्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना इतिहासातला मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. प्रयोगांनंतर एकशे सोळा वर्षांनी! आमच्या मायक्रोवेव्ह लॅबमध्ये क्लायस्ट्रॉनच्या बेंचवर एका टोकाला हॉर्न आहे आणि दुसऱ्या टोकाला क्रिस्टल डिटेक्टर. सबमिशनच्या घाईत आपण रीडिंग घेतो आणि पळतो. पुढच्या वेळी तिथे एक मिनिट जास्त थांबा मित्रांनो. मीटरचा काटा हलतो, तेव्हा तो जगदीशबाबूंच्या कानाने ऐकत असतो.